उस्ता बहरोम सुधारतो तेव्हा

टीव्हीवरच्या मालिकेतल्या उस्ता बहरोमने गाजरं चिरणाऱ्या माणसाची माफी मागितली, आणि इकडे समरकंदात जेवणाच्या दस्तरखानापाशी बसलेल्या तुरोब-अकांच्या घशात चहा अडकला.

"काय... काय म्हणाला तो?" खोकला आवरत त्यांनी विचारलं.

"'चुकलं माझं, भाऊ,' म्हणाला." त्यांची बायको मव्जुदा शांतपणे त्यांचा पियाला पुन्हा भरत होती. "खांद्यावर हातसुद्धा ठेवला, अहो. तुम्ही खोकत होतात म्हणून दिसलं नसेल."

"मूर्ख आहे. गाजरं जाड चिरतो तो, आणि माफी हा मागतो?"

समोर त्यांची लेक झेबिनिसो बसली होती. तिने नानचा तुकडा मोडला आणि हसू त्याच्यामागे लपवलं.

तुरोब-अकांच्या वैतागाला कारण होतं. 'कढईचे धनी' या मालिकेतला वस्ताद आचारी, उस्ता बहरोम, म्हणजे नखशिखांत तेच होते. वसंतात, जर्दाळूची झाडं फुलली होती तेव्हा, ताश्कंदहून टीव्हीची माणसं आली आणि त्यांच्या पलोवखान्यात, म्हणजे मांस-गाजराच्या पुलावाच्या खाणावळीत, चित्रीकरण करून गेली. त्यांच्याबरोबर लोबार नावाची एक बारकुडी लेखिका होती. ती रोज चहाच्या समोवारशेजारच्या कोपऱ्यात बसून पलोव खायची. पोरीला भूक फार, असं वाटून तुरोब-अका तिला मांसाचा एक तुकडा जास्तच वाढायचे. ती तिथे बसून नेमकं काय गिळत होती, ते मालिका सुरू झाल्यावर कळलं. बहरोमची तीच वर वळवलेली मिशी, तीच मागे सरकवलेली टोपी, आणि माणसांना हाक मारण्याऐवजी कढईच्या काठावर झारा आपटायची तीच तऱ्हा.

पहिले काही दिवस तुरोब-अका मोहल्ल्यातून छाती काढून चालले. पडद्यावरचा बहरोम गिऱ्हाइकांवर ओरडायचा, सरपणावर ओरडायचा, वाफेवरसुद्धा ओरडायचा; आणि लोक म्हणायचे, "अका, डिट्टो तुम्ही!" त्यांनाही ते आवडायचं. पण मालिकेतला माणूस आहे तिथे थांबत नाही. नदीकाठच्या पॉपलरसारखा तो वाढत राहतो. बहरोम सुधारायला लागला, आणि तुरोब-अकांच्या सुखाला ग्रहण लागलं.

माफीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पलोवखान्यात गाजरं चिरणारे किमसन-अका सुरी खाली ठेवून उभे होते. नुसते उभे.

"काय झालं? सुरी मोडली?"

"नाही उस्ता. सुरी झकास आहे."

"मग?"

"काही नाही. म्हटलं, काल टीव्ही बघितला असेल तुम्ही."

तुरोब-अकांनी इकडेतिकडे पाहिलं. भांडी घासणाऱ्या बायकांनी नळ बंद केला होता. नान टाकायला आलेला माणूस रिकामी टोपली घेऊन दारातच रेंगाळत होता. तेलाचा धूर तेवढा आपला सरळ वर चालला होता.

"किमसन," तुरोब-अकांनी घसा साफ केला, "परवा मी जे बोललो... ती गाजरं, खरं सांगायचं तर, तितकी जाड नव्हती."

"कितीशी जाड नव्हती, उस्ता?"

"तितकी नव्हती! आता चीर गप!"

मोहल्ल्याने ती माफी म्हणूनच धरली. किमसन-अकांनी त्या दिवशी पिवळी गाजरं अशी चिरली की काड्या रेशमाच्या लडीसारख्या परातीत पडत गेल्या. ही गोष्ट तुरोब-अकांच्या नजरेतून सुटली नाही. पण त्यांनी ती कुणाला सांगितली नाही.

पुढे बहरोम एक दिवस खरबूज घेऊन घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "माझ्या कढईची चव तुझ्या हातच्या निवडलेल्या तांदळात आहे." मव्जुदाने टीव्ही बंद केला आणि दस्तरखानाची सुरकुती हाताने सारखी करत बसून राहिली.

"कुणाची वाट बघतेस?" तुरोब-अकांनी विचारलं.

"खरबुजाची."

दुसऱ्या दिवशी ते खरबूज आणायला बाजारात गेले. छोटं आणावं तर मोहल्ला चिक्कू म्हणणार, म्हणून सगळ्यांत मोठं घेतलं आणि बाळंतिणीचं पोर आणावं तसं दोन्ही हातांत धरून घरी निघाले. वाटेत चहाखान्यातले म्हातारे उठून उभे राहिले. "अका, कालचा भाग बघितलात वाटतं!" तुरोब-अकांचे कान लाल झाले. घरी ते वाक्य काही त्यांच्या तोंडातून निघेना. शेवटी खरबूज ठेवता ठेवता म्हणाले, "तांदूळ... बरा निवडतेस तू."

मव्जुदा खिडकीकडे वळली. संध्याकाळभर ती काहीतरी जुनं गुणगुणत होती, तिच्या आईच्या गावचं, आणि खरबुजाच्या वासाने सगळं घर भरून गेलं होतं. तुरोब-अकांना बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून त्यांना भीती वाटली.

कारण गिऱ्हाइकंही सोकावली. समरकंदात पलोवबरोबर गरम हिरवा चहा प्यायचा असतो. थंड पेय मागणाऱ्याला तुरोब-अका आजवर दार दाखवायचे. पण बहरोमने मालिकेत एका पाहुण्याला हसून सरबत दिलं मात्र, रोज कुणी ना कुणी डोळे मिचकावत "अका, एक थंडगार बाटली!" म्हणून हाक मारायला लागलं. तुरोब-अका दात आवळून बाटली आणून ठेवायचे आणि म्हणायचे, "प्या. पोट तुमचं आहे." यालाही लोक माया म्हणायचे.

शेवटी त्यांनी ताश्कंदला लोबारला फोन लावला.

"पोरी, त्याला थांबव आता. पुरे झाला एवढा चांगला."

"अका, थांबवून कसं चालेल?" लोबार हसली. "पात्र वाढायला पाहिजे. नाहीतर लोक बघतील कशाला?"

"वाढू दे की! पोटाने वाढव, मिशीने वाढव. स्वभावाने कशाला?"

"अजून खरी गंमत तर पुढेच आहे. पुढच्या आठवड्यात बहरोम आपला झारा लेकीच्या हातात देतो."

तुरोब-अका मटकन ओट्यावर बसले. "लेक? त्याला तर मुलगा होता!"

"मुलगा आम्ही पहिल्याच महिन्यात लष्करात पाठवला. आता लेक शिकून घरी आलीय."

इथेच तर दुखत होतं. झेबिनिसो पलोवखान्यात गिऱ्हाइकांची व्यवस्था बघायची, पण तिचा जीव कढईत होता. तिने बापाकडे कितीदा झारा मागितला होता. घरच्या चुलीवर ती जे शिजवायची ते खाऊन तुरोब-अका मुकाट्याने दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे; पण मोहल्ल्याची मोठी कढई, लग्नाची कढई, तिथे त्यांच्या बापजाद्यांपासून पुरुषच उभे राहिले होते. "ते बाईमाणसाचं काम नाही," हे त्यांचं उत्तर ठरलेलं. आता त्या कागदी बहरोमने झारा दिला, की दुसऱ्या दिवशी सगळा मोहल्ला आपल्या हाताकडे बघत उभा राहणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

म्हणून दुसऱ्या सकाळी त्यांनी मुलामा दिलेल्या भांड्यात पलोव भरला, वर रजई गुंडाळली, आणि पहिल्या गाडीने ते ताश्कंदला निघाले. संध्याकाळपर्यंत परत येणं भाग होतं. शेजारचे खाटीक एर्गश-अका यांच्या मुलाचं लग्न होतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचा लग्नाचा पलोव तुरोब-अकांच्याच हातचा ठरला होता.

स्टुडिओत शिरले तर समोर त्यांचाच पलोवखाना! तोच समोवार, तीच चूल, फक्त वर छप्पर नव्हतं. कढईपाशी बहरोमचं काम करणारा नोदिर नावाचा नट उभा होता, शेजारी त्याची मालिकेतली लेक. नोदिरने डोळ्यांत पाणी आणलं, झारा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "लेकी, ये. आज आपण दोघं मिळून थर एक करू." मग दोघांनी झारा कढईत घातला आणि पलोव तळापासून ढवळला.

समरकंदात पलोव ढवळत नाहीत. खाली मांस, त्यावर गाजर, त्यावर तांदूळ. शिजताना जो थर जिथे, तो वाढेपर्यंत तिथेच. ताश्कंदवाले मात्र शेवटी सगळं ढवळून एक करतात. या एका कारणावरून दोन शहरांतल्या सोयरिकी मोडल्या आहेत.

"थांब!" ते गरजले. "हा सुधारलाय की बिघडलाय?"

"अका, कॅमेरा चालू आहे!" लोबार कुजबुजली.

"कॅमेरा चालू आहे म्हणूनच सांगतोय! समरकंदचा माणूस झारा आडवा घालेल? मी माझ्या पोरीला दिला झारा, तर ती असं... अरे, माझी झेबी डोळे मिटून थर लावते! तांदळाचा एक दाणा गाजरात उतरत नाही तिच्या हातून!"

बोलता बोलता ते पुढे धावले, नोदिरच्या हातातला झारा हिसकायला. वाटेत दिव्याची जाड वायर आडवी होती, ती त्यांना दिसली नाही. पलोवचं भांडं सहायकाने झेललं. तुरोब-अकांना झेलायला कुणी नव्हतं. ते आडवे झाले ते उजव्या मनगटावर.

दुपार कलेपर्यंत ते दवाखान्याच्या बाकावर बसले होते. हात कोपरापर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये. एका बाजूला लोबार, दुसऱ्या बाजूला नोदिर, अजून बहरोमच्याच वेशात. त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला एक तुरोब मोडलेला आणि एक शाबूत असे दोन दिसत होते.

फोन वाजला. एर्गश-अका होते. मागे गलका ऐकू येत होता. लग्नाच्या आदल्या संध्याकाळची गाजरं चिरायला सगळा मोहल्ला त्यांच्या अंगणात जमला होता.

"अका, स्टुडिओतून फोन आला होता, कळलं मला. हाताला जपा, काळजी करू नका. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या हैत उस्ताला सांगावा धाडतो. फक्त तो..."

"फक्त तो काय?"

"तो जरा ढवळतो. शेवटी. अगदी हलकेच."

"एर्गश, पोराचं लग्न करतोयस की पाहुण्यांवर सूड उगवतोयस?"

"मग काय करू? बाकी सगळे उस्ता अडकलेत, लग्नसराई आहे!"

फोनमधून अंगणातलं गाणं ऐकू येत होतं. बायका एका सुरात गात होत्या, आणि सुऱ्यांचा ठेका त्याला साथ देत होता:

*गाजर चिरू काडी काडी, काडी जशी सोन्याची*
*उस्ता गेला ताश्कंदाला, कढई आता कोणाची?*

हा मव्जुदाचाच आवाज. तुरोब-अकांनी तो शंभर बायकांत ओळखला असता. त्यांनी डोळे मिटले. "झेबीला दे," ते म्हणाले.

"बाबा, हात फार दुखतोय?" झेबिनिसोने आधी तेच विचारलं.

"हाताचं सोड. तांदूळ भिजवला का कुणी?"

"मी भिजवलाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. हैत उस्ता आले तरी तांदूळ भिजलेलाच लागणार ना, बाबा."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं, ओरडता आलं असतं. तुरोब-अका भिंतीकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "माझा झारा खुंटीवर आहे. तो काढ. कढई तू लाव."

पलीकडे गाणं थांबलं. सुऱ्या थांबल्या.

"काय म्हणालात, बाबा?"

"ऐकलंस ते. पुन्हा नाही म्हणणार. आणि सरपण बदामाचं घे, ओलं घेऊ नकोस!"

फोन ठेवला तर लोबार रुमालाने डोळे पुसत होती. नोदिर पुढे वाकला. "अका, आम्ही सकाळपासून हेच घेत होतो, जमत नव्हतं. 'कढई तू लाव' म्हणताना नजर कुठे ठेवली होतीत? खाली?"

"भिंतीकडे! आणि गाडी असेल तर घरी सोड मला, उगाच नजरा शिकू नकोस."

नोदिरचं चित्रीकरण रात्री उशिरा संपलं; उजाडता उजाडता त्याच्या गाडीने ते मोहल्ल्यात पोचले. लग्नाचे तुतारीसारखे कर्नाय वाजत होते, लांबलचक, आभाळाला हाक मारल्यासारखे. अंगणाच्या टोकाला, गुलाबी धुरात, झेबिनिसो कढईपाशी उभी होती. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, बाह्या वर. तुरोब-अका अंगरख्यात हात लपवून पाहुण्यांच्या मागे जाऊन बसले.

परात आली. कढईतला वरचा थर आधी काढलेला, म्हणून तळाशी मोकळा तांदूळ, वर सोनेरी गाजर, वर मांस. मोहल्ल्यातले सगळ्यांत वडीलधारे, पांढऱ्या दाढीचे मुल्ला-अता यांनी पहिला घास घेतला. खाल्ला. दुसरा घेतला.

"कुणी केला?" मुल्ला-अतांनी विचारलं.

एर्गश-अका घाबरले. "आपले तुरोब उस्ता, अता! दुसरं कोण?"

पाहुण्यांच्या सगळ्या माना तुरोब-अकांकडे वळल्या. "वा उस्ता!" "हात तुमचेच!" कुणी छातीवर हात ठेवून मान तुकवली. नुसती मान हलवली असती तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं, बापजाद्यांची कढई, मोहल्ल्याची रीत, सगळं. त्यांनी कढईकडे पाहिलं. झेबिनिसो झारा पुसत होती, मान खाली घालून, जणू हे काही तिच्या कानावर पडतच नव्हतं.

तुरोब-अकांनी अंगरख्यातून प्लास्टरचा हात बाहेर काढला आणि वर धरला. "हा हात आहे माझा, अता. याने चमचासुद्धा धरवत नाही. पलोव झेबीने केलाय."

मुल्ला-अता बराच वेळ चावत राहिले. "म्हणजे तू याच्यापेक्षा चांगला करतोस?"

तुरोब-अकांनी खरोखर विचार करून उत्तर दिलं. "कधी कधी."

अंगणात असं हसू फुटलं की कर्नायवाला सूर चुकला. मुल्ला-अतांनी परात जवळ ओढली, आणि हाच त्यांचा निकाल होता.

त्यानंतर प्लास्टर निघेपर्यंत पलोवखान्याची कढई झेबिनिसोकडे राहिली. थंड पेय मागणाऱ्यांकडे ती नुसती बघायची. लोक चहा मागवायचे. तुरोब-अका डाव्या हाताने पियाले पोचवायचे आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे. ही माणसं खाता खाता बोलतातही, त्यांना घरं आहेत, नातवंडं आहेत, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

प्लास्टर निघालं त्याच संध्याकाळी मालिकेत नवल घडलं. बहरोमने लेकीच्या हातातला झारा हिसकावून घेतला, किमसनसारख्या दिसणाऱ्या माणसाला हाकलून दिलं आणि बायकोने कापलेलं खरबूज खिडकीतून बाहेर फेकलं. थोड्या वेळाने लोबारचा फोन आला. आवाज पडलेला. "काय सांगू अका, प्रेक्षकांनाच तो ओरडणारा बहरोम हवाय. वरून हुकूम आला. तुम्हाला तर बरंच वाटलं असेल."

तुरोब-अकांनी फोन ठेवला. ते टीव्हीपुढे उभे होते आणि मिशी थरथरत होती. "हा काय माणूस आहे?" ते मव्जुदाला म्हणाले. "चांगलं खरबूज फेकलं! एवढा मार्गी लागला होता आणि... अशाला पोर द्यायची कुणी? अशाच्या हातचं खायचं कुणी?"

"बघू नका मग," मव्जुदा म्हणाली. पण ती त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होती. हात मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी पलोवखान्यात सगळा मोहल्ला वेळेआधी हजर होता. किमसन-अकांनी गाजरं घेतली होती पण सुरी लावली नव्हती. एर्गश-अका मांस पोचवून गेलेच नाहीत. कढई झाकणाखाली दम धरून बसली होती, आणि झेबिनिसो दोन्ही हातांत झारा घट्ट धरून तिच्यापुढे उभी होती. कालचा भाग तिनेही पाहिला होता.

तुरोब-अका आत आले. टोपी मागे सरकवली. बाह्या वर केल्या. उजव्या हाताची बोटं उघडली, मिटली. कुणाच्या तरी हातून पियाला खाली पडला.

ते कढईपाशी गेले आणि, नुसतं बघावं म्हणून, झाकणाला हात घातला.

"बाबा!" झेबिनिसोचा आवाज आढ्याला जाऊन आपटला. "दम बसायचाय अजून! हात मागे!"

त्या कढईपाशी तुरोब-अकांवर आजवर कुणी ओरडलं नव्हतं. ओरडायचं ते त्यांनीच. त्यांनी हात चटकन मागे घेतला, पाठीमागे लपवला, आणि सगळ्यांकडे वळून पाहिलं. घरात पहिला नातू आल्यावर उमटतं, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं होतं.

"ऐकलंत?" ते किमसन-अकांना म्हणाले. "किती बरोबर ओरडली!" मग बाजूचं स्टूल ओढून गाजरांच्या ढिगापाशी बसले, एक सुरी उचलली आणि लेकीला विचारलं, "उस्ता, जाड की बारीक?"